गॅस आधी बंद करा: नाशिकला नव्याने राहायला आलेल्यांसाठी अंड्यांचा नाश्ता

नाशिकला नोकरीला किंवा शिकायला आलात की पहिल्याच रविवारी कुणीतरी तुम्हाला मिसळ खायला नेतं. ते काही चुकत नाही आणि चुकवूही नये. प्रश्न सोमवारचा असतो. सातला कंपनीची बस, खोलीत एक शेगडी, एक तवा, एक पातेलं आणि डब्यात रात्रीच्या उरलेल्या दोन पोळ्या. अशा वेळी मिसळ कामाची नाही. तर्री पिऊन फर्स्ट शिफ्टला मशीनसमोर उभं राहिलेल्या माणसाचं अकरा वाजता काय होतं, ते मी भोगलंय. अशा सकाळी अंडंच धावून येतं.

मी चाळीसगावहून अंबडच्या एमआयडीसीत लागलो तेव्हा सिडकोत तिघांत मिळून एक खोली होती. घरी कधी चहासुद्धा केला नव्हता. पहिला आठवडा माझी ऑम्लेटं खालून काळी आणि वरून चिवट व्हायची. उकडलेली अंडी सोलताना निम्मं पांढरं टरफलाबरोबर जायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी भुर्जीची गाडी लागायची, तिथे उभा राहून मी गाडीवाल्याचे हात बघायचो. तो भुर्जी तव्यावरून काढायचा तेव्हा ती अजून ओली, चकचकीत दिसायची. एकदा म्हणालो, "भाऊ, अजून थोडी होऊ द्या ना, कच्ची वाटतेय." त्याने वरही न बघता प्लेट पुढे सरकवली. "दादा, कांद्यावर लिंबू पिळेपर्यंत होते ती." लिंबू पिळलं, पाव तोडला, आणि खरंच झाली होती.

पुढे जे काही लिहिलंय त्यात हीच एक गोष्ट पुन्हापुन्हा येईल: अंडं हवं तसं दिसायच्या थोडं आधी गॅस बंद करायचा. पांढरं साधारण ६२ अंशांपासून घट्ट व्हायला लागतं, पिवळं ६५ ते ७० च्या दरम्यान. ८० च्या पुढे पांढऱ्याचं रबर व्हायला सुरुवात होते. तापलेला तवा सहज दीडशेच्या वर असतो. म्हणजे गॅस बंद केला तरी तव्यात अंडं शिजवायला भरपूर धग शिल्लक राहते. आपण नवखे लोक "नीट होऊ दे" म्हणत ती धग विसरतो.

आधी घरमालकाला विचारा

हे स्वयंपाकात मोडत नाही, पण आधी हेच करा. खोली बघायला गेलात की पाणी किती वाजता येतं हे विचारता ना, त्याच दमात "अंडी चालतील का?" हेही विचारा. डिपॉझिट देण्याआधी. माझ्या दुसऱ्या खोलीच्या मालकांनी सगळं सांगितलं होतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं. ते मला कळलं तेव्हा तव्यावर ऑम्लेट होतं आणि दारात काका. काही घरांत "उकडलेली चालतील, तळलेली नको" असा मधला मार्गही निघतो, कारण वास परतल्याचाच जास्त पसरतो. पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास राहणार असाल तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. नाही म्हणाले तर वाद घालू नका. घर त्यांचं आहे, आणि गाड्या सगळीकडे आहेत.

आणायची कशी

किराणा दुकानात अर्धा डझन, डझन अशी मिळतात. तिघे-चौघे एकत्र राहत असाल तर तीस अंड्यांचा ट्रे परवडतो, मात्र फ्रिज असेल तरच. भाव रोज हलतो. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे १९८२ पासून चालत आलेली एनईसीसी, शेकड्याचा दर जाहीर करते आणि दुकानदार त्यावर आपला भाव लावतो. थंडीत अंडी महागतात आणि श्रावणात उतरतात. श्रावणात घरोघरी बंद असतात म्हणून. तुम्ही पाळत नसाल तर तो महिना तुमचा.

पांढरं की तपकिरी, यावर डोकं घालवू नका. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीचा, पिवळ्याचा रंग तिच्या खाण्याचा. गावठी अंडं आकाराने लहान असतं, पिवळं गडद असतं कारण ती कोंबडी उकिरडा, गवत, किडे असं सगळं टिपत हिंडते. चवीला मला आवडतं. पण गावठी ताजी अंडी उकडायला घेऊ नका, का ते पुढे सांगतो.

दुकानात एकेक अंडं हातात घेऊन बघा. तडा गेलेलं परत द्या. घरी आणल्यावर धुवून ठेवू नका. टरफलावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो धुतला गेला की बारीक छिद्रं उघडी पडतात. धुवायचं असेल तर फोडायच्या आधी धुवा. ठेवताना निमुळतं टोक खाली. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत, अंडी आठवडाभर बाहेर आरामात राहतात. एप्रिल-मेमध्ये मात्र फ्रिज नसेल तर तीन-चार दिवसांपुरतीच आणा.

जुनं की ताजं कळत नसेल तर ग्लासभर पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशी टेकून उभं राहिलं तर जुनं, पण खाण्यासारखं, नीट शिजवा. वर तरंगलं की फेकून द्या. आतलं पाणी छिद्रांतून हळूहळू उडून जातं, हवेची जागा मोठी होते, म्हणून ते उचललं जातं.

उकडलेलं

सगळ्यात सोपं समजतात आणि सगळ्यात जास्त इथेच बिघडतं. लोक गार पाण्यात अंडी टाकतात, गॅस लावतात आणि आंघोळीला जातात. किती वेळ झाला कुणालाच माहीत नाही. मोबाईलमध्ये टायमर आहे, तो लावा.

पाणी आधी उकळू द्या. अंडी बुडून वर बोटभर राहील इतकं. फ्रिजमधली अंडी दहा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा, नाहीतर तडकतात. उकळत्या पाण्यात मोठ्या चमच्याने एकेक अलगद सोडा आणि आच मध्यम करा. पिवळं मधासारखं वाहतं हवं तर सात मिनिटं, मऊसर, कडेने धरलेलं हवं तर नऊ, पूर्ण घट्ट हवं तर अकरा. हे माझ्या खोलीतले आकडे आहेत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मुंबईच्या मावसभावाने सांगितलेल्या वेळेत अर्धं मिनिट घाला.

वेळ झाली की लगेच गरम पाणी ओतून टाका आणि गार पाणी घाला. दोनदा बदला. हे केलं नाही तर अंडं आतल्या धगीने शिजतच राहतं. पिवळ्याभोवती ती हिरवट-करडी कड दिसते ना, ती तिथूनच येते: पिवळ्यातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन लोहाचं सल्फाइड तयार होतं. अपायकारक नाही, पण वास आणि चव दोन्ही बिघडतात. कुकरला शिट्ट्या देऊन अंडी उकडणारे माझे मित्र आहेत. त्यांची अंडी मी खातो, कौतुक करत नाही.

सोलण्याचं दुखणं ताज्या अंड्यांचं. ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, पांढरं कमी अल्कधर्मी असतं, त्यामुळे ते आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतं. आठवडाभर जुन्या अंड्यातला वायू छिद्रांतून निघून गेलेला असतो आणि टरफल सहज सुटतं. म्हणून ट्रेमधली जुनी अंडी उकडायला, ताजी आणि गावठी हाफ फ्रायला. सोलताना बुडाच्या जाड बाजूने सुरुवात करा, तिथे हवेची पोकळी असते. पाण्याखाली धरून सोलले की कपच्या वाहून जातात.

हॉस्टेलवाल्यांसाठी: केटलमध्येही होतात. अंडी गार पाण्यात ठेवायची, उकळून केटल आपोआप बंद झाली की झाकण न उघडता बारा-तेरा मिनिटं तशीच राहू द्यायची. अंडी आधी स्वच्छ धुवा, तडा गेलेलं टाकू नका. एकदा आमच्या केटलमध्ये अंडं फुटलं, पुढचा आठवडा चहाला साबणाचा आणि अंड्याचा मिळून एक तिसराच वास होता.

खायला मीठ-मिरपूड असतेच. पण घरून आणलेला कांदा-लसूण मसाला असेल तर अंडं उभं दोन भाग करून त्यावर चिमूटभर टाका, वर दोन थेंब कच्चं तेल. भाकरी असेल तर मग बोलायलाच नको.

हाफ फ्राय

तवा मध्यम तापला की चमचाभर तेल. अंडं थेट तव्यावर न फोडता वाटीत फोडा, खराब निघालं तर तिथेच कळतं आणि पिवळंही फुटत नाही. वाटी तव्याला टेकवून ओता. आच लगेच मंद. कडा पांढऱ्या झाल्या की कडेने चमचाभर पाणी शिंपडा आणि ताट झाका. तीस-चाळीस सेकंदांत वरचं पांढरं वाफेने धरतं. गॅस बंद. उलटवायची गरज नाही आणि पिवळं फुटायची भीतीही नाही. गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस खाणार असेल तर मात्र वाहतं पिवळं नको, पूर्ण शिजवा.

ऑम्लेट-पाव

आपलं ऑम्लेट म्हणजे कांदा-मिरची-कोथिंबिरीचं. दोन अंडी, एक छोटा कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, चिमूटभर हळद, पाव चमचा मीठ. यात चुकण्यासारखं एकच आहे आणि ते म्हणजे कांदा. तो शेवेसारखा बारीक हवा. जाड तुकडा राहिला की उलटवताना ऑम्लेट नेमकं तिथे फाटतं. चिरायला वेळ लागतो, लागू द्या.

आधी अंडी एकटीच फेटा, फोर्कने, काट्याचा आवाज वाटीत वाजला पाहिजे. वर फेस आला की कांदा वगैरे घाला, आणि मीठ सगळ्यात शेवटी. मीठ घालून ठेवलं की कांद्याला पाणी सुटतं आणि ऑम्लेट पाणचट होतं. म्हणजे तवा तापत ठेवा, मग मीठ घाला, ढवळा आणि ओता. तव्यावर पडताना चर्र आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर तवा तापलेला नाही. धूर आला तर जास्त तापलाय. खाली उतरवा, दहा आकडे मोजा.

ओतल्यावर आच मध्यम करा, तवा थोडा तिरका करून कडेला अंडं पसरू द्या. आता पाव. लादीतला एक पाव मधून उघडा, पुस्तकासारखा, पूर्ण तोडू नका. ऑम्लेट वरून अजून ओलं असतानाच तो आतल्या बाजूने त्यावर दाबून ठेवा. ओलं अंडं पावाला धरतं. अर्ध्या मिनिटाने उलथणं खाली सारा आणि पावासकट उलटवा. आता पावाची पाठ तव्यावर शेकतेय आणि ऑम्लेट वर आहे. बाहेर आलेल्या कडा आत दुमडा, पाव मिटा. झालं. वेगळा पाव भाजायला नको, वेगळी प्लेट नको, चालता चालता खाता येतं. बीडाचा तवा असेल तर कडेला जी जाळी पडते ती नॉनस्टिकवर कधी पडत नाही. पण बीडाच्या नव्या तव्यावर पहिली चार ऑम्लेटं चिकटणार. तेल पाजत राहा, पाचवं सुटेल.

भुर्जी, आणि कांद्याबद्दल थोडं

कांद्याच्या जिल्ह्यात आलात, तर कांदा ओळखायला शिका. लासलगावचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण वर्षभर बाजारात एकच कांदा नसतो. थंडीत येतो तो लाल कांदा: ओलसर, तिखट, फार टिकत नाही. मार्च-एप्रिलपासून निघतो तो उन्हाळी. तो चाळीत साठवतात आणि पुढे पावसाळाभर तोच खातो आपण. उन्हाळी कांद्यात पाणी कमी, तो लवकर परतला जातो, भुर्जीला गोडसर उतरतो. लाल कांदा घेतलात तर दोन मिनिटं जास्त परता, त्याचं पाणी आटू द्या, नाहीतर भुर्जी पचपचीत होते.

दोघांसाठी चार अंडी, दोन मध्यम कांदे, एक टोमॅटो, दोन मिरच्या, चार लसूण पाकळ्या ठेचून. दोन मोठे चमचे तेल. कमी तेलाची भुर्जी मी करून पाहिलीय, ती अंड्याची भाजी होते. तेलात लसूण, मिरची, मग कांदा. कांदा गुलाबी आणि कडेने तपकिरी झाला की टोमॅटो. गिरणारे गावाकडून येणारा टोमॅटो स्वस्त असेल त्या दिवसांत दोन घाला. टोमॅटो गळून तेल कडेला दिसलं की हळद, लाल तिखट, मीठ. काळा मसाला घालणार असाल तर याच वेळी, अर्धा चमचा. कोरड्या तापल्या तेलात टाकलात तर क्षणात जळतो आणि कडू होतो. मी चाळीसगावचा, माझ्या भुर्जीत काळा मसाला असतोच. नाशिकच्या गाडीवर बहुतेक नसतो. ज्याचं त्याने ठरवावं.

आता अंडी. वेगळी फेटू नका. मसाल्यात मधे खळगा करा आणि चारही तिथेच फोडा. मग दहा सेकंद हात बांधून उभे राहा. हे सगळ्यात अवघड आहे. लगेच ढवळलं की अंड्याचा मसाल्यात चिखल होतो, कण राहत नाहीत. तळाशी पांढरं धरू लागलं की उलथण्याने खालून वर उचलून उलटवा, पुन्हा पाच सेकंद थांबा, पुन्हा उलटवा. मोठे मऊ गोळे पडतात. तीन-चार वेळा असं झाल्यावर भुर्जी अजून ओली, चकचकीत दिसत असतानाच गॅस बंद. वर कोथिंबीर, आणि तव्याच्या धगीवर शेवटचं एकदा परतणं. मग कांदा कापा, लिंबू पिळा. तेवढ्यात होते.

भुर्जीची एक पारशी बहीणही आहे, अकुरी. देवळाली कॅम्पला पारशी मंडळी पिढ्यान् पिढ्या येतात-राहतात, तिथे अग्यारीही आहे. अकुरीत अंडी फेटून घेतात, मंद आचेवर सतत हलवतात आणि खिरीसारखी सैल असतानाच उतरवतात. टोस्टबरोबर खातात. रविवारी मिसळीचा कंटाळा आला (येतो, वर्षभराने) तर करून बघा.

रात्रीच्या पोळीवर अंडं

बस चुकणार असेल त्या सकाळचा हा उपाय. एक अंडं, चिमूटभर मीठ-तिखट, फेटायला पंधरा सेकंद. तापल्या तव्यावर तेलाचा हात, अंडं ओता, चमच्याच्या पाठीने पोळीएवढं पसरा, आणि लगेच शिळी पोळी त्यावर ठेवून तळहाताने नव्हे, उलथण्याने दाबा. मिनिटभराने उलटा. वर चिरलेला कांदा, लिंबू, असेल तर लसणाची चटणी. गुंडाळी करून कागदात. अंबड, सातपूरच्या कंपन्यांच्या बसमध्ये सकाळी ही गुंडाळी हातात घेऊन बसलेली पोरं दिसतील. त्यांची खोलीही बहुधा तिघांत असते. ताज्या पोळीपेक्षा शिळी चांगली, कारण ती कोरडी असते आणि अंडं धरून ठेवते.

पोळ्या जास्त उरल्या असतील तर हातानेच चुरा करा, कांदा-मिरची-मोहरीची फोडणी द्या, चुरा परता आणि दोन अंडी फोडून घाला. आईची फोडणीची पोळी, खोलीवर आलेली. हिला नाव नाही, आम्ही "अंडा चुरा" म्हणायचो.

भांडी

खरकटी भांडी आधी गार पाण्याने धुवा. गरम पाणी घातलंत की वाटीला लागलेलं अंडं शिजतं आणि घट्ट धरतं, मग घासत बसा. वास राहिला तर पिळलेल्या लिंबाची साल आतून चोळा, किंवा चमचाभर बेसन. टरफलं कचऱ्याच्या डब्यात उघडी टाकली की नाशिकच्या उन्हात संध्याकाळपर्यंत खोलीला सांगून मोकळी होतात. कागदात गुंडाळा, सकाळच्या घंटागाडीलाच द्या. आणि तवा धुऊन लगेच पुसा. बीडाचा असेल तर पुसल्यावर तेलाचं बोट फिरवा. माझ्या पार्टनरने एकदा माझा तवा रात्रभर पाण्यात भिजत ठेवला होता. सकाळी तो गेरूच्या रंगाचा झाला होता आणि पुन्हा पहिल्या चार चिकटणाऱ्या ऑम्लेटांपासून सुरुवात.